तळाला पाय नाही

“पाय वर!” उत्कर्षा ओरडली.

मुक्ताबाईंनी घाईघाईने गुडघे पोटाशी घेतले आणि व्हायचं तेच झालं. नाकातोंडात पाणी गेलं, त्या पुन्हा फरशीवर उभ्या.

“तिसरं पोवळं मेलं,” काठावरच्या खुर्चीतून रंगनाथरावांनी बायकोची प्रगती जाहीर केली.

कर्वेनगरातल्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात पोवळं कुठून येणार! पण सुनेने, उत्कर्षाने, बजावून ठेवलं होतं, ही फरशी म्हणजे अंदमानातलं प्रवाळ समजायचं. जिवंत असतं ते, पाय टेकला की मोडतं. शनिवारी विमान. ज्याला पाय न टेकता तरंगता येणार नाही, त्याने बोटीत बसायचं. हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी बाई ती, सवलत कसली देते!

मुक्ताबाईंना तर त्या प्रवाळातले रंगीत मासे बघायचेच होते. पासष्ट वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं होतं.

“हातही नाही लावायचा?” अंगातल्या, सुनेकडून घेतलेल्या ट्रॅक पँटची नाडी आवळत त्यांनी विचारलं.

“नाही. आपण उन्हासाठी अंगाला लावतो ते क्रीमसुद्धा चालत नाही त्याला.”

“एवढंसं बोट?”

“आई!”

“अगं, म्हणजे सोवळ्यात आहे म्हण की! सरळ मराठीत सांगावं माणसाने.”

रंगनाथराव खो खो हसले. उत्कर्षाला हसू आलं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी सासूची पूजा आटपेपर्यंत ती रोज दोन हात लांबच राहत होती. पहिल्याच आठवड्यात तिची ओढणी चुकून लागली, तर मुक्ताबाई पुन्हा आंघोळीला गेल्या होत्या. ते तिला अजून झोंबत होतं.

मुक्ताबाई मात्र आता जिद्दीने आडव्या झाल्या. सोवळ्यातल्याला शिवायचं नाही, हे त्यांना वेगळं शिकवायला नको होतं. पण पाय पुन्हा खाली जाऊ लागले.

“उत्कर्षा, हात धर गं!”

उत्कर्षा जागीच थबकली. ट्रॅक पँटमध्ये कसलं आलंय सोवळं! पण सवय ती सवय.

“आई, पूजा व्हायचीय ना तुमची?”

“मेली ती पूजा! बुडतेय मी!”

उत्कर्षाने हात धरला. पाय वर आले आणि वरच राहिले.

“सोडू आता?” बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

“अंदमानात किती वाजता उतरायचंय पाण्यात?”

“सकाळी. सातला.”

मुक्ताबाईंनी पाण्यातल्या पाण्यात थोडा विचार केला.

“म्हणजे पूजेच्या आधीच. थांबतील देव तेवढे. तू हात सोडू नकोस.”