टचिंग नको

"काका, ही बघा तुमची शिवलीला," म्हणत संयोगितानं सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. संयोगिता माझ्या लेकीची, शिवलीलाची, शाळेपासूनची मैत्रीण.

बघितलं तर काय! डाव्या गालावरचा जन्मापासूनचा काळा डाग, कानापासून हनुवटीपर्यंत, जसाच्या तसा. सगळ्या जगाला दिसेल असा!

"कुणी काढला गं असला फोटो?" मी खेकसलो.

"तिचा तिनंच काढलाय, मोबाईलवर. ऑर्कुटवर ग्रुप काढलाय तिनं. पोरी आपापले फोटो टाकत्यात. कुणाला कोड हाय, कोण भाजलेली हाय. नाव बघा की."

नाव होतं 'टचिंग नको'.

आता टचिंग म्हणजे माझा धंदा. महाद्वार रोडला तीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ. स्थळाला पाठवायचा फोटो म्हटलं की पोरी माझ्याकडंच. मुरुमं, व्रण, सगळं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गायब. पुढं तेच कॉम्प्युटरवर. मग स्वतःच्या लेकीला कसा सोडीन? पहिल्या वाढदिवसापासून तिच्या एकाही फोटोत मी डाग ठेवला नाही. माया होती हो, दुसरं काय! तिची आई लवकर गेली, तेव्हापासून तर जास्तच.

विसाव्या वर्षीचा तिचा फोटो मोठा करून शोकेसमध्ये लावला. एकदा तानाबाई म्हणून एक म्हातारी नातीला घेऊन आली. शिवलीला काउंटरवर पावती फाडत होती.

"पावणं, ती काचंतली पोरगी कुणाची वं? लई देखणी हाय. आमच्या नातवाला बघतोय आम्ही."

शिवलीलानं मान वर केली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला दोनच शब्द बोलायचे होते: माझी लेक.

"हाय एक गिऱ्हाईक," मी म्हणालो.

म्हातारी गेल्यावर पोरगी एवढंच बोलली, "आप्पा, मी हितंच बसलेली की."

पुढच्याच महिन्यात तिनं पुण्यात नोकरी धरली. आता रविवारी फोन येतो. जेवला का? जेवलो. संपलं. घर खायला उठतं.

"काका, गारगोटी गावच्या एका पोरीनं काय लिवलंय ऐका," संयोगिता वाचू लागली. "ताई, तुझा फोटो बघितला आणि आज पहिल्यांदा तोंडाला ओढणी न गुंडाळता कॉलेजला गेले."

मला रडू आलं. माझ्या तीस वर्षांच्या फोटोंनी कुठल्या पोरीची ओढणी सोडवली होती?

"ह्याची प्रिंट निघंल का गं?"

"निघंल की. पण काळी-पांढरी."

"चालंल."

स्टुडिओत येऊन प्रिंट टेबलावर ठेवली. सवयीनं हात पेन्सिलीकडं गेला. लाज वाटली. पेन्सिल ड्रॉवरमध्ये टाकली, शोकेसमधला जुना फोटो उतरवला आणि त्या जागी हा लावला.

येणारे-जाणारे थांबतात, बघतात, पुढं जातात. कुणाची पोरगी म्हणून विचारलं, तर काय सांगायचं ते ठरवून मी काउंटरवर बसतो. दोन महिने झाले. अजून कुणी विचारलेलं नाही.