चौदा तासांवरचं आपलं विद्यापीठ

ती उंच आणि किडकिडीत होती म्हणून आईने तिला लहानपणीच 'नळी' म्हणायला सुरुवात केली, आणि शाळेचा दाखला सोडला तर सगळीकडे तेच नाव चालू लागलं. आईच्या तोंडी हे नाव येणं साहजिकच होतं. ती प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनवायची. दिवसभर ज्योतीवर नळ्या मऊ करायच्या, वाकवायच्या, फुंकायच्या, एकमेकींना जोडायच्या. तिची कार्यशाळा पुलापलीकडच्या सरकारी विद्यापीठात, रसायनशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर होती. घर मात्र पुलाच्या अलीकडे. पुलाच्या मधोमध एक राज्य संपून दुसरं सुरू व्हायचं, त्यामुळे आई रोज सकाळी बसने परराज्यात जायची आणि संध्याकाळी भाजी घेऊन स्वराज्यात परतायची. त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

विशेष वाटलं ते नळीची शाळा संपल्यावर. रसायनशास्त्रासाठी तिने दोन ठिकाणी अर्ज केले होते आणि एकाच आठवड्यात दोन्हीकडून होकार आला. पुलापलीकडचं विद्यापीठ वीस मिनिटांवर, पण बाहेरच्या राज्यातल्या मुलांना तिथे फी तिप्पट. दुसरं आपल्याच राज्याचं, फी परवडण्यासारखी, पण ते राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, रेल्वेने चौदा तास. म्हणजे घरी राहायचं तर परकं ठरायचं, आणि आपलं म्हणवून घ्यायचं तर घर सोडायचं.

आईने कचेरीत चौकशी केली होती. कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलत होती, पण कर्मचारी त्याच राज्यात राहत असेल तरच. ती बातमी तिने घरी सांगितली आणि कणीक मळायला घेतली. त्या दिवशी कणीक जरा जास्तच मळली गेली.

मग मामा आला. मामा विमा कंपनीत कारकून होता आणि त्याच्याकडे प्रत्येक अडचणीवर एक फॉर्म असायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला, असं म्हणत त्याने योजना मांडली. त्याच्या ऑफिसातला एक जण पुलापलीकडे राहत होता. नळी त्याची भाडेकरू आहे असं दाखवायचं, म्हणजे ती तिकडची रहिवासी ठरली, फी एकपट झाली आणि पोर घरच्या घरी राहिली. फॉर्म त्याने भरूनच आणला होता. फक्त सही राहिली होती.

नळीने तो पहिल्या ओळीपासून वाचला. 'मी गेले बारा महिने खालील पत्त्यावर राहत आहे.' तिने पेनाला टोपण लावलं.

"मामा, हे खरं नाही."

"सगळेच करतात गं. बघायला कोण येतंय?"

"मीच. त्या दारातून रोज मला आत जायचंय."

मामाने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने नवऱ्याकडे. नळीचे बाबा बस डेपोत सीटा शिवायचे. बोलण्याआधी टाका पूर्ण करायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, आधी लांबचं बघून तरी येऊ या, न बघता नाही कसं म्हणायचं? आणि दोन दिवसांनी बाप-लेक सकाळच्या गाडीत बसले.

गाडीत बाबांनी सीटची शिवण बोटाने चाचपली, स्वस्तातला दोरा आहे म्हणाले, आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. दुपारी नळीने स्वतःहून विषय काढला. पुलापलीकडचा विभाग तिला सहा वर्षांची असल्यापासून पाठ होता. शाळेला सुट्टी असली की ती आईच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसायची, नंतर नंतर बर्नरही हाताळायची. तिथले विभागप्रमुख तिला बघितलं की 'आमची नळी आली' म्हणत. सगळे चांगले होते. अडचण तीच होती.

"तिथे पहिली आले तरी मी आईची मुलगी," ती म्हणाली, "आणि नापास झाले तरी आईचीच मुलगी."

"आणि आता चाललोय तिथे?"

"तिथे जे काय होईल ते माझं."

बाबांनी जरा विचार केला. "मग नापास व्हायची सोय राहिली नाही," ते म्हणाले, आणि डबा उघडला.

लांबच्या विद्यापीठाची इमारत काही डोळ्यांत भरण्यासारखी नव्हती. जिन्याचे कठडे हातांनी गुळगुळीत झालेले, सूचनाफलकावर जुन्या टाचण्यांची गर्दी. पण नळीने बघायचं ते नीट बघितलं. प्रयोगशाळेत एका टेबलाला दोनच मुलं होती, शेजारी उभं राहून नुसती वही भरणारं कोणी नव्हतं. पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या बाई अर्धा तास तिच्याशी बोलल्या. तिसऱ्या वर्षापासून प्रत्येकाला स्वतःचा प्रयोग स्वतः आखावा लागतो आणि त्यात बहुतेकांचे पहिले दोन महिने फुकट जातात, हेही त्यांनी लपवलं नाही. नळीला ते फुकट जाणारे दोन महिने फार आवडले.

उपकरणांचं भांडार सांभाळणारे काका निवृत्तीला आले होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी कपाट उघडून दाखवलं आणि नळी थबकली. तीन फळ्या भरून मोडकी काच. तडा गेलेले फ्लास्क, वाफ थंड करायचे तोंडं तुटलेले कंडेन्सर, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. काकांनी सांगितलं, काचेचं काम करणारा माणूस सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाला, ती जागा भरलीच नाही. आता दुरुस्तीला बाहेरगावी पाठवतात आणि परत येईपर्यंत वर्ष संपतं.

"हिला येतं," मागून बाबा म्हणाले.

नळीने वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी छताकडे बघायला सुरुवात केली. पण शब्द सुटला होता. काकांनी बाईंना बोलावलं. बाईंनी चार-पाच नेमके प्रश्न विचारले, संरक्षक चष्मा तिच्या हातात दिला आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. जुन्या टेबलावरचं आवरण निघालं, बर्नर पुसला गेला, ज्योत निळी झाली. तुटलेल्या तोंडाचा एक कंडेन्सर तिने घेतला. परक्या माणसांसमोर हात घाईला आले, काच पुरती तापायच्या आत तिने ती ज्योतीच्या ऐन गाभ्यात धरली. टक् असा बारीक आवाज झाला आणि तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला.

नळीने तो बाजूला ठेवला आणि दुसरा मागितला.

या वेळी ती कोणाला दाखवण्यासाठी काम करत नव्हती. काच लांबून गरम केली, फिरवत फिरवत जवळ आणली, रंग बघितला, नवी नळी टेकवली, एक हलकी फुंकर. सांधा गोल बसला. मग तो छोट्या भट्टीत ठेवला, कारण गरम काच हळूहळू थंड झाली नाही तर तिच्या पोटात ताण राहतो आणि ती आज नाही तर उद्या फुटते. थंड व्हायला संध्याकाळ झाली. तोवर बाबांनी खिशातली सुई काढून तिथल्या स्टुलाचं फाटकं आवरण शिवून टाकलं. पाणी भरून बघितलं तेव्हा सांध्यातून थेंबही आला नाही. काकांनी चिठ्ठी सोडली आणि रजिस्टरात नोंद केली.

बाई म्हणाल्या, "प्रवेश तुला गुणांवर मिळालाय. याचा त्याच्याशी संबंध नाही. पण आलीस तर आठवड्याला चार तासांचं पगारी काम विभागाकडून देता येईल. येणार नसशील तरी आज बरं वाटलं."

घरी सगळं ऐकून झाल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो फुटलेल्या कंडेन्सरचा. किती वेळ तापवला होता? नळीने सांगितलं. आईने मान हलवली. मग काही वेळ ती ओट्याचा एकच कोपरा पुसत राहिली.

"मी मनात ठरवून टाकलं होतं," ती म्हणाली, "की दुपारी आपण दोघी एकत्र डबा खाऊ. चार वर्षं."

नळीने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"ते माझं झालं. तुझं सांग."

"मी तिकडे जाते, आई."

"जा. पण चार तास म्हणजे चारच तास. काच हा माझा धंदा आहे, तू रसायन शिकायला चालली आहेस. तिथे नळ्या जोडत बसलीस तर चौदा तास प्रवास करून येईन आणि कान धरीन."

मामाने आपला फॉर्म फाडला, आणि त्याच बैठकीत वसतिगृहाचा फॉर्म भरायला घेतला. हात रिकामा ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

पहिलं सत्र जड गेलं. महिनाभर तर वर्गात कोणी दाखल्यावरच्या नावाने हाक मारली की ती वळायचीच नाही, मग हसं व्हायचं. भौतिक रसायनात ती काठावर पास झाली. त्या दिवशी तिने फोन केला तेव्हा आई फक्त 'पुढच्या वेळी' इतकंच म्हणाली. पुढच्या वेळी गुण वाढले, कारण ती रोज पहिल्या भेटीतल्या त्याच बाईंच्या खोलीत शंका घेऊन जाऊ लागली आणि बाईंना ते आवडत होतं. शनिवारी चार तास ती काचेला द्यायची. वर्ष संपेपर्यंत कपाटातल्या दोन फळ्या रिकाम्या झाल्या होत्या आणि तिच्या वर्गातल्या दोन मुली साधे सांधे जोडायला शिकल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी आई रजा काढून आली. नळीने तिला आधी वर्ग दाखवला, ग्रंथालय दाखवलं, बाईंशी भेट घालून दिली. आईने सगळीकडे नीट मान डोलावली, पण भांडारात शिरल्यावर तिने पर्स टेबलावर ठेवली आणि थेट भट्टीपाशी गेली. तापमानाच्या काट्याकडे एकदा, आतल्या काचेकडे एकदा बघून तिने काकांना सांगितलं की हा काटा वीस अंश चुकीचं दाखवतोय. काका म्हणाले, शक्यच नाही. आई म्हणाली, मग उघडा. दोघांनी मागचं झाकण काढलं आणि डोकी आत घातली.

अकराला नळीचं प्रात्यक्षिक होतं. तिने तसं सांगितलं.

"जा, जा," झाकणामागून आई म्हणाली. "माझं इथे काम आहे."

नळीने कोट अंगात घातला, वही उचलली आणि जिना चढून वर गेली.