मोकळी धावपट्टी

"चिमणे, घशातून नको, पोटातून बोल. वैमानिकाला वाटलं पाहिजे, खाली कुणीतरी पाय रोवून उभं आहे."

मास्तर तिच्या खुर्चीमागे बसले होते. ती रेडिओवर बोले ते सगळं त्यांच्या कानात पडे, आणि वेळ आलीच तर एक बटण दाबून ते तिचा आवाज मधेच तोडू शकत. तिच्याकडे अजून परवाना नव्हता. आभाळात जाणारा शब्द तिचा, पण त्याखालचं नाव मास्तरांचं.

चिमणी हे नावही त्यांनीच ठेवलेलं. आवाज बारीक, बसणंही खुर्चीच्या कडेवर, भुर्रकन उडायच्या बेतात असल्यासारखं. पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा होती. पास झाली तर ही खुर्ची तिची. आधीच्या विमानतळावर ती एकदा नापास झाली होती, आणि या नोकरीत तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

विमानतळाच्या मनोऱ्याच्या काचा बाहेरच्या बाजूला कललेल्या होत्या. सगळी खोलीच जणू ओणवी होऊन खाली बघत होती. खाली लांबच लांब धावपट्टी, दोन्ही कडांना गवत, आणि गवताला वारा. तिच्यासमोर उतरता फळा होता. त्यावर प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी; विमान सरकेल तशी पट्टी सरकवायची. मधला कप्पा धावपट्टीचा. धावपट्टीवर गाडी गेली, माणूस गेला, की त्या कप्प्यात लाल पट्टी आडवी ठेवायची. ती आहे तोवर कुणालाही 'उतर' म्हणायचं नाही.

"डोळे दमतात, कान दमतात," मास्तर म्हणत, "पट्टी दमत नाही."

रेडिओ खरखरला. पाखरंवाला होता. धावपट्टीवर बसलेले पक्षी जीप घेऊन हाकलायचे, एवढंच त्याचं काम.

"ताई, मधोमध सभा भरलीय पाखरांची. जाऊ का उठवायला?"

"जा. लवकर ये."

तिनं लाल पट्टी ठेवली. मागून मास्तर म्हणाले, "लवकर ये म्हणू नये. त्याला घाई लावलीस की तुलाही लागते."

जीप भोंगा वाजवत गेली. पाखरं उठली, आभाळभर विखुरली. जीप वळली, बाहेरच्या रस्त्याकडे निघाली, आणि तिचा हात आपसूक लाल पट्टीवर गेला.

ही खोड सरावाच्या खोलीतली. तिथं पडद्यावरच्या खोट्या विमानांशी शिकताना सगळ्याच मुलांना ती लागायची. गाडी बाहेर पडायच्या बेतात दिसली की पट्टी आधीच उचलून बोटांत धरायची, म्हणजे पुढचं विमान क्षणभरही खोळंबत नाही. गुण बरे मिळत.

तेवढ्यात उभ्या असलेल्या एका विमानानं वारा विचारला. तिनं सांगितला, लिहिला. मान वर केली तर समोर मधला कप्पा स्वच्छ. धावपट्टीच्या टोकापलीकडे, अगदी जवळ आलेल्या विमानाचा दिवा, सांजेच्या पहिल्या चांदणीसारखा.

"धावपट्टी मोकळी आहे. उतरा."

आज पहिल्यांदा आवाज पोटातून आला. तिला स्वतःलाच तो आवडला.

"उतरू नका! वर जा, वर जा!"

मास्तरांचा आवाज तिच्या आवाजावर कोसळला. विमानानं नाक उचललं, काचा थरथरल्या, आणि त्याच्या पोटाची सावली धावपट्टीवरून सरकत गेली. त्या सावलीखाली जीप उभी होती, दार उघडं टाकून, आणि जीपपुढे एक माणूस जमिनीवर वाकला होता.

लाल पट्टी तिच्या डाव्या मुठीत होती.

मास्तरांनी विमानाला शांतपणे वळसा सांगितला, उंची सांगितली. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना खूण केली. बाई येऊन बसल्या आणि ती दोघं उठली. अशी चूक झाली की खुर्ची सोडायची, तसा नियमच होता.

साहेबांच्या खोलीत पंखा नुसताच फिरत होता.

"तिनं पट्टी उचलली, ते तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं," मास्तर म्हणाले.

"मग थांबवलं का नाहीत?"

"वाटलं, ठेवेल परत. शिकवताना दोर थोडा सैल सोडावा लागतो, साहेब. आवळून धरला तर शिकणारा दोराकडेच बघत बसतो."

"आणि सुटला तर?"

निकाल तिथंच लागला. मास्तरांचा शिकवण्याचा परवाना गेला, मनोऱ्यातली खुर्चीही गेली. निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने तळमजल्यावर हवामानाचे कागद वाटायचे. तिला मात्र नवीन शिक्षिका मिळाली, परीक्षा पुढे ढकलली.

"तू तरुण आहेस," साहेब म्हणाले. "तुला अजून संधी आहे."

जिन्यात ती म्हणाली, "मास्तर, चूक माझी होती."

"तुझीच होती. मी कुठे नाही म्हणतोय?"

"मग मला ओरडा तरी."

"ओरडलो की. सगळ्या आभाळाला ऐकू गेलं." ते एक पायरी उतरले, थांबले. "रडू नकोस गं. खाली शिपाई बसलाय, त्याला वाटेल मीच रडवलं."

खाली पाखरंवाला जीपपाशी उभा होता. तिला बघून हसला.

"वाचलो बघा, ताई. टोपी तेवढी गेली. गावभर उडत असेल."

"थांबलास का रे मधेच?"

"टिटवी होती हो. पंख मोडलेली. चाकाखाली चिरडली असती, म्हटलं उचलून घ्यावी. तुम्हाला सांगायचं राहिलं, माझंच चुकलं."

"तुझं नाही चुकलं."

"घरी काही सांगितलं नाही मी. बायको नोकरी सोड म्हणेल. आणि पाखरांशिवाय दुसरं काय येतंय मला?"

बोलताना तो हसत होता, पण हातातल्या किल्लीला दाराचं कुलूप सापडत नव्हतं. फिरवून फिरवून तो ती आजूबाजूलाच टेकवत होता. शेवटी तिनं त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडून दिलं. मागच्या सीटवर एका खोक्यात टिटवी होती. मेलेली.

घर विमानांच्या वाटेखालीच होतं. आई गच्चीवर कपडे काढत होती. विमान आलं की हातातलं काम सोडून वर बघायची तिची सवय. शेजारणी चिडवत, "काय, लेकीनं आज किती विमानं हाकली?" आणि आई जुळवून म्हणे,

*लेक माझी बोलते, वारा कान देतो गं,*
*लोखंडाचा पक्षी तिचा शब्द झेलतो गं.*

आज चादरीची दोन टोकं लेकीच्या हातात देत आईनं विचारलं, "अगं, दुपारी एक विमान उतरता उतरता परत वर गेलं. तू पाठवलंस?"

"मास्तरांनी."

"म्हणजे तुम्हीच की. का पण?"

"खाली माणूस होता."

आईनं चादर छातीशी धरली. "बघ! जीव वाचवला माणसाचा! उगीच नाही मी सांगत सगळ्यांना."

"आई, तसं नाही ते..."

"असू दे गं, तुला मिरवता येत नाही ते माहितीये मला." आणि कठड्यावरून वाकून तिनं शेजारणीला हाक मारलीसुद्धा. "ऐकलं का हो, आज आमच्या लेकीनं..."

चादरीची दोन टोकं हातात धरून ती उभी राहिली. घडी अर्धीच झाली होती.

शिकवायला आलेल्या नव्या बाई वाईट नव्हत्या. दोर आवळूनही धरत नव्हत्या, सैलही सोडत नव्हत्या. "झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "माझ्याही हातून एकदा झालंय. सगळ्यांच्याच हातून होतं. बस."

ती बसली. वारा सांगता येत होता. रांगेतल्या विमानाला पुढे बोलावता येत होतं, मागे थांबवता येत होतं. एकच वाक्य तेवढं, 'उतरा' म्हणायचं, तोंडातून निघत नसे. धावपट्टी मोकळी असे. दुर्बीण लावून बघे, मोकळी. पुन्हा बघे, मोकळीच. तरी त्या मोकळ्या काळ्या पट्ट्यावर तिला कुणीतरी वाकलेलं दिसे. ओंजळ पुढे करून, जपून काहीतरी उचलणारं.

पहिल्या दिवशी ते वाक्य बाईंनी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही. मग एक दिवस विमान अगदी जवळ आलं, आणि बाई मुद्दाम गप्प राहिल्या. बटणावरून त्यांनी हात काढून घेतला.

"तुला दिसतंय ना, मोकळी आहे?"

"दिसतंय."

"मग म्हण."

वैमानिकानं विचारलं, उतरू का. तिनं तोंड उघडलं. पोटात खोल कुठेतरी तो आवाज होता, तोच, त्या दुपारचा, तिला आवडलेला. त्याचीच तिला भीती वाटली.

"वर जा," ती म्हणाली.

"धावपट्टीवर काही आहे का?" वैमानिकानं विचारलं.

"नाही."

मग तो म्हणाला, "ठीक. वर जातो." कुणा आजारी माणसाशी बोलावं तितक्या हळू.

विमान वर गेलं. आतली माणसं पुन्हा एकदा ढगांत गेली; कुणाची पोरं न्यायला आली असतील, कुणाचं कुणी दवाखान्यात वाट बघत असेल. तिनं त्याला उंची सांगितली, वळसा सांगितला, त्याची पट्टी पुन्हा रांगेत वर ठेवली. मग वळून बाईंना म्हणाली, "तुम्ही घ्या आता."

"आत्तापुरतं?"

तिनं मान हलवली. नाही.

खुर्ची सोडताना पुढच्याला सगळं सांगायचं असतं. तिनं सांगितलं. वारा कुठला, किती. कोण उभं आहे, कोण येतं आहे, कोणाला वर पाठवलं आणि तो आता कुठे आहे. एकही गोष्ट सुटली नाही. आवाज कापला नाही. परीक्षा घेणारा तिथं असता, तर त्याला एक गुणही कापता आला नसता.

सांगून झालं तरी लगेच जायचं नसतं. एखादी गोष्ट राहून गेली असेल तर, म्हणून पहिलं विमान उतरेपर्यंत उठलेल्यानं खुर्चीमागे उभं राहायचं. ती उभी राहिली. दूर तेच विमान वळसा घेऊन परत आलं. बाईंनी ते वाक्य म्हटलं, रोज म्हणतात तसं, काही विशेष नसल्यासारखं. चाकं टेकली, थोडा धूर उठला, आणि वाऱ्यानं तो गवतावर पांगवला.

बाईंनी मागे न बघता हात वर केला. आता गेलीस तरी चालेल.

तिचा स्वेटर खुर्चीच्या पाठीवरच राहिला होता, बाईंच्या पाठीमागे दबलेला. पुढचं विमान उतरेपर्यंत ती थांबली. मग बाई जरा पुढे वाकल्या तेव्हा, खुर्ची हलणार नाही अशा बेतानं, तिनं तो अलगद ओढून घेतला.