सव्वाआठचा गेम

"ताई, त्या खेळण्याच्या अपडेटले हात नोको लावजो. लावाचाच असन तर दोघं एकदम लावू. नाही तर तुह्यं-माह्यं जुळत नाही मंग."

श्रावणनं हे मला निदान तीनदा सांगितलं होतं. मी दर वेळी "हो रे बाबा" म्हटलं आणि सोडून दिलं.

खेळणं म्हणजे तळहाताएवढं गेमचं मशीन. लहानपणी टीव्हीला जोडून पिवळ्या कॅसेटवर आम्ही जे खेळायचो ते सगळे जुने गेम त्यात आहेत. श्रावण माझा धाकटा भाऊ. त्यानंच दोन मागवली, काळं त्याला, राखाडी मला. नेरच्या एका जिनिंगमध्ये तो काट्यावर होता, कापसाच्या गाड्यांचं वजन करायचा आणि हजराबींच्या घरात वरच्या खोलीत एकटा राहायचा. मी यवतमाळला, नवरा पियुष आणि चार वर्षांची सलोनी.

चौदाव्या वर्षापासून तो इन्सुलिनवर. आई गेल्यावर त्याची काळजी माझ्याकडे आली आणि मी ती जरा जास्तच केली. दिवसाला सहा फोन. इंजेक्शन घेतलं का, जेवला का, शुगर किती. एकदा काट्यावर ट्रॅक्टर उभा असताना फोन केला तर ओरडला, "अवो, तू बहीण हायेस का हवालदार?" पंधरा दिवस त्यानं फोन उचलला नाही. मग ही मशीनं आली आणि त्यांच्यासोबत आमचा करार. फोन बंद. रोज सव्वाआठला नेटवरून एक गेम, रणगाड्यांचा, दोघं एकाच बाजूनं. इंजेक्शन घेऊन तो बसायचा, दहा मिनिटांत गेम संपला की लगेच जेवायचा.

"मी आलो म्हंजे मी जित्ता हाव," तो म्हणाला होता. "नाही आलो तर कर तुह्या हजराबीले फोन."

वर्षभरात ती वेळ एकदाच आली. फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो आला नाही. आठ पंचविसाला मी हजराबींना फोन लावला. त्या गुडघे धरत जिना चढल्या तर हा घामानं चिंब, काहीबाही बडबडत होता. शुगर उतरून बेचाळीस. त्यांनी साखरपाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला पठ्ठ्या हजर.

आता अपडेटचं. मशीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका आला होता. दुसऱ्या कोणाला तो दिसलाही नसता. मी गॅसच्या पाइपवरची मुदतीची तारीखही वाचणारी बाई, मला झोप लागेना. त्यात कॉलनीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, की जुन्या सॉफ्टवेअरच्या वस्तू वाय-फायला जोडल्या की चोरांना घरात वाट मिळते. त्याच वाय-फायवर पियुषचं बँकेचं सगळं. श्रावणला कळवलं तर त्याचा मेसेज आला, "त्यातून काय चोरतीन? माह्ये रणगाडे? चालू हाय ना? मंग कायले हात लावतं?"

शुक्रवारी दुपारी सलोनी झोपली आणि मी 'हो' दाबलं. पट्टी भरत गेली. ठिपका गेला. बरं वाटलं.

रात्री सव्वाआठला पडद्यावर ओळ आली, दोन्हीकडचं व्हर्जन वेगळं आहे, जोडता येत नाही. लगेच त्याचाच फोन.

"लावला ना हात?"

"लावला."

"मी का सांगतलं होतं?"

"मग तूही कर ना अपडेट."

"इथचं नेट म्हंजे घाटात भरलेला ट्रक. रईवारी सुट्टी हाय, गच्चीवर बसून करतो. तवरक दोन दिस मले सुट्टी दे."

"आणि फोन?"

"ताई."

"बरं बरं. नाही करत."

"शाबास हवालदार. जेवून राह्यलो मी, ठेव."

शनिवारी सव्वाआठला मी पोळ्या लाटत होते. घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, आज नाहीच आहे. खरं सांगते, हलकं वाटलं मला.

रविवारी जोडून पाहिलं. जुळेना. "झालं का?" असं पाठवलं. दोन टिका आल्या, राखाडी. आठ पंचवीस झाले. हजराबींचा नंबर काढून मी स्वयंपाकघरात उभी होते.

"अवं, डाउनलोड चालू असन त्याचं," पियुष म्हणाला. "कायले त्या म्हाताऱ्या बाईले जिना चढवतं?"

मला ते पटलं. पटायला मी तयारच होते. गेम का जुळत नाही हे मला ठाऊक होतं ना. मीच तर केलं होतं ते.

सोमवारी साडेनऊला जिनिंगमधून फोन आला. श्रावण कामावर आला नाही, तुमच्याकडे आहे का? मी हजराबींना लावला.

"वो तो तुम्हारे यहाँ गया ना बेटी? जुम्मे से उसके गेम की आवाज नहीं आई. मेरे को लगा, बहन के पास गया."

खाली बसून त्याही रोज त्या रणगाड्यांच्या धडधडीवर कान ठेवून असायच्या. हे मला तेव्हा कळलं.

दाराची आतली कडी तोडावी लागली. डॉक्टर म्हणाले, शनिवारी रात्रीच. शुगर उतरली, झोपेतच गेला. डबा टेबलावर होता, न उघडलेला. सुट्टी मागणाऱ्याचं मशीन मात्र उशाशी पडलं होतं, चार्ज संपून बंद.

घरी आणून मी ते चार्जिंगला लावलं. नवीन व्हर्जन. माहितीच्या पानावर तारीख होती शनिवारची, वेळ आठ बावन्न. म्हणजे रविवारची वाट त्यानं पाहिलीच नाही. सवयीनं सव्वाआठला इंजेक्शन घेतलं आणि उपाशीपोटी गच्चीवर नेट शोधत बसला, उद्या ताईसोबत खेळता यावं म्हणून. किंवा मी फोन करू नये म्हणून. खाली येऊन जेवण्याइतकं त्राण राहिलं नसेल. गेम संपणं हेच त्याला 'जा, जेव' म्हणायचं, आणि त्या दिवशी गेम नव्हता.

पियुष म्हणतो, असं कधीही होऊ शकलं असतं. डॉक्टरही तेच म्हणाले. मी वाद घालत नाही.

दोन्ही मशीनं कपाटात आहेत. मी दर रविवारी चार्ज करते. परवा पुन्हा लाल ठिपका आला, दोन्हीवर. सलोनीनं बोट पुढे केलं, "आई, दाबू?" मी इतक्या जोरात ओरडले की पोर रडायला लागली.

तुमचंही कोणीतरी दुसऱ्या गावात खोली करून राहत असेल. दोन दिवस त्याचा आवाज नसेल आणि त्याचं कारणही तुमच्याकडे असेल. रेंज नाही, परीक्षा आहे, रागावलाय. कारण खरंही असेल. तरी आता हे वाचणं ठेवा आणि त्याला फोन करा. उचलला नाही तर खालच्या घरी करा. म्हणावं, जिना चढा, दार वाजवून परत येऊ नका, आत जाऊन बघा.