फ्लेक्सवरचा सॅम

"लोकं फ्लेक्सवर तोंड यावं म्हणून माझ्या मागंमागं करत्यात, अन् ह्या सॅमला ते उतरवायचंय," रणजीत शर्टाची बटणं लावता लावता पुटपुटला. शालनबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि ऐकलंच नाही असं दाखवलं.

पिंपळे गुरवच्या चौकात त्यांच्या या लेकाच्या वाढदिवसाचा दुमजली फ्लेक्स लागला होता. वर मोठे साहेब, मधोमध गॉगल घातलेला रणजीत, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत त्यांचा माडीवरचा भाडेकरू: 'आमचे लाडके सॅमभाऊ, आफ्रिका.' केलं होतं ते अगदी प्रेमानं. सॅमनं गल्लीतल्या पोरांना फुटबॉल शिकवून कप आणून दिला होता. त्याचे उपकार फेडायची दुसरी रीत रणजीतला ठाऊक नव्हती.

फ्लेक्स पाहिल्यापासून सॅम माडीवरून उतरलाच नाही. चाकणच्या कंपनीतली शिफ्टही बुडवली. शालनबाई जेवण घेऊन वर गेल्या, तेव्हा दार आतून लावून मगच तो बोलला. आमच्या देशात सरकारची एक कचेरी आहे काकी, म्हणाला, तिच्यावर पाटी नाही. तिथली माणसं फार अदबीनं बोलतात. तिकडे तो वर्तमानपत्रात होता. त्या कचेरीत नेलेला एक माणूस परत आला नाही, एवढंच त्यानं छापलं होतं, आणि मग त्याला देश सोडावा लागला. चार वर्षांत त्यानं कुणाला फोटो काढू दिला नव्हता. कपाच्या दिवशी तेवढा पोरांच्या गराड्यात विसरला आणि हसला; तोच फोटो आता चौकात होता.

शालनबाईंनी हे सगळं रणजीतच्या कानावर घातलं. तो हसला. आपल्या गल्लीत गटार बघायला महापालिकेचा माणूस येत नाही, तिथं आफ्रिकेतून कोण येतंय, असं त्याचं म्हणणं. शिवाय फ्लेक्सवर साहेब होते. साहेबांना उतरवायचं कुणी?

दोन दिवसांनी, भर दुपारी, रणजीतच एका माणसाला घेऊन आला.

पाहुणा चौकात फ्लेक्सखाली उभा राहून सॅमचं घर विचारत होता म्हणे. आणि गावठाणात पाहुण्याला पत्ता सांगत नाहीत, घरापर्यंत पोचवतात. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. सॅमचा मावसभाऊ म्हणवत होता. बूट दाराबाहेर नीट जुळवून ठेवले, शालनबाईंना वाकून नमस्कार केला. इतका अदबशीर माणूस त्या घरात आजवर आला नव्हता.

सॅम राजगुरुनगरला मित्राकडे गेलाय, कधी येईल सांगता येत नाही, असं शालनबाईंनी एका दमात सांगून टाकलं. पाहुणा हसला. सॅम कुठं आहे, हे त्यानं पुढं विचारलंच नाही. तो रणजीतलाच तोडक्या हिंदीत विचारत राहिला, कंपनीची बस कुठं थांबते, शिफ्ट सुटल्यावर रस्त्याला वर्दळ असते का. यजमानपणाच्या भरात रणजीत सांगूही लागला. सांगता सांगता त्याच्या ध्यानात आलं, पाहुणा आपल्याकडं बघतच नाही. तो जिन्याकडं बघतोय. रणजीतचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

मग पाहुणा आवाज चढवून, जिन्याकडं तोंड करून, त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. या मायलेकांसाठी हिंदीत सांगितलं: सॅमची आई फार आजारी आहे, सारखं त्याचं नाव घेते, तिकीट तयार आहे, गाडी बाहेर उभी आहे. आणि त्यानं मोबाइलवर एक आवाज लावला. कुणी म्हातारी बाई कुणाला तरी हाक मारत होती.

जिन्यावर पाऊल वाजलं.

शालनबाईंना गेलं वर्ष आठवलं. सॅमला बहिणीचा फोन आला, आई गेल्याचा; जिन्यात उभं राहून त्यानं एवढंच सांगितलं, आणि त्या दिवशी माडीवर चूल पेटली नाही. काही न विचारता त्यांनी पिठलं-भाकरी वर धाडली, पुढचे कितीतरी दिवस धाडली, जशी दुखवट्याच्या घरी धाडतात तशी. त्यानं खाल्ली. त्याबद्दल पुन्हा शब्द मात्र दोघांनीही काढला नाही. दिवाळीत रणजीतनं सगळं माहीत असून विचारलं, "आई काय म्हणती सॅमभाऊ?" आणि तो म्हणाला, बरी आहे. त्यानं आईला मेलेली पाहिली नव्हती. ऐकला तो फोनवर नुसता बहिणीचा आवाज. तिच्या शेजारी उभं राहून तिला कोण बोलायला लावत होतं, काय ठाऊक. आई असेलही, या एवढ्याशा धाग्यावर तो जगत होता, आणि तो तुटू नये म्हणून सगळं घर जपून बोलत होतं.

सॅम खांद्याला पिशवी अडकवून खाली उतरला. चेहरा जत्रेत चुकलेल्या आणि घरचं माणूस दिसलेल्या लेकरासारखा. पाहुण्यानं उठून हात पुढं केला. रणजीत भिंतीला टेकून उभा, त्याच्याच्यानं हलवेना.

शालनबाई पुढं झाल्या, शेवटच्या पायरीपुढं आडव्या उभ्या राहिल्या आणि सॅमचं मनगट घट्ट धरलं.

"तुजी आई गेली रं बाळा," त्या म्हणाल्या. "ती न्हाई आता."