एकानं परत यायचं झालं तर

"और अगर हाथी ने कुचल दिया तो?" ह्यांनी विचारलं.

खुराना मॅडमनी बिस्किट परत बशीत ठेवलं. आमच्याच सोसायटीत राहतात, प्रवासविमा विकतात. "अंकल, सब कवर्ड है."

"सब असं काही नसतं," हे माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटले. आमचे हे, श्रीरंग, जन्मभर केंद्र सरकारच्या ऑडिटमध्ये होते. दुधाच्या पिशवीवरसुद्धा आक्षेप काढतील! बाईंवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि ह्यांच्यावर माझा.

दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत मी भूगोल शिकवायचे. नकाशावर केनियावर पट्टी टेकवून मुलांना सांगायचे, इथं लाखो जनावरं नदी ओलांडतात. मी स्वतः ओलांडली ती यमुना, तीही चार्टर्ड बसनं. सरकार तिकिटाचे पैसे देईल तिथवरच आमच्या सहली. आणि दिवाळीत हे एकदम म्हणाले, "चल वासंती, आफ्रिकेला जाऊ." आनंद व्हायचा सोडून माझ्या मनात पाल चुकचुकली.

कारण सरकारी दवाखान्यातून महिन्याची औषधं आणायला कायम मी जाते. ह्यांना स्वतःच्या बीपीच्या गोळीचं नाव सांगता येत नाही. तेच हल्ली म्हणतात, "तू कशाला, मीच जातो." आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. वर येताना मध्येच थांबतात, मोबाईल काढून बघत राहतात. विचारलं की म्हणतात, मेसेज आलाय. ह्यांना कोण मेसेज पाठवतंय?

"कोई पुरानी बीमारी?" खुराना मॅडमनी विचारलं.

"बीपी. बस."

"बिल्कुल बस?" मी म्हटलं.

"वासंती, मॅडमना अजून चहा ठेव ना जरा."

मी जागची हलले नाही.

हे खाकरले. "मान लीजिए, वहाँ एक की तबीयत बिगड़ी. उसे वापस भेजना पड़ा. तो दूसरे को भी लौटना पड़ेगा?"

"ज़रूरी तो नहीं. पर अंकल, ऐसे में रुकेगा कौन?"

"रुकना है. दूसरे का टूर पूरा होना चाहिए. होटल, टिकट, सब वैसे का वैसा. ये पक्का है क्या?"

"कोण एक आणि कोण दुसरं?" मी मराठीत विचारलं.

"उगाच गं. उदाहरण म्हणून."

"उदाहरण गेलं चुलीत. खिशात काय आहे?"

ह्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला. मग नाइलाजानं त्यांनी बारीक गोळ्यांची पट्टी काढून बशीजवळ ठेवली.

"छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची," हे म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, लांबचा प्रवास नको. तुला सांगितलं असतं तर तू गेली नसतीस."

"नसतेच गेले!"

"तेच तर."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "जन्मभर दुसऱ्यांची खोटी बिलं पकडलीत. आणि आता स्वतः खोटं बोलणार?"

"एकदाच," हे खाली बघत म्हणाले. "बाईंना मराठी कळत नाही. तू बोलू नकोस. नदी बघून ये."

खुराना मॅडमना मराठी कळत नव्हतं, पण गोळ्या कळल्या. "आंटी, ये बताना पड़ेगा," त्या हळूच म्हणाल्या. "और बताया, तो शायद पॉलिसी ही ना मिले."

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. ती नदी मी किती वर्षं शिकवली होती! डोळे मिटले तरी दिसायची.

"लिखिए," मी म्हटलं. "दिल की बीमारी है."

ह्यांनी आपल्या कपातला थंड झालेला चहा पिऊन टाकला.

पॉलिसी मिळाली नाही. पुढच्या महिन्यात दवाखान्यात आम्ही दोघं गेलो. रांगेत मी उभी राहिले, ह्यांना बाकावर बसवलं. परत येताना दुसऱ्या मजल्यावर ह्यांचा श्वास लागल्याचं मला ऐकू आलं. हे खिशातला मोबाईल चाचपायला लागले.

त्याआधीच मी थांबले. पर्समधून माझा मोबाईल काढला.

"काय गं?"

"काही नाही. मेसेज आलाय," मी म्हटलं, आणि बंद स्क्रीनकडे बघत राहिले.