माझी पिशवी कुणाकडे

लाल पिशव्या मीच शिवल्या होत्या. गाड्यांची सीट कव्हर शिवण्याचं माझं दुकान आहे, त्यामुळे आमच्या क्लबाने हे काम माझ्याच गळ्यात घातलं. प्रत्येक सीटच्या पाठीला एक पिशवी, आत रक्त थांबवायचा पट्टा, जखमेत भरायची पट्टी, कात्री, हातमोजे. क्लब म्हणजे जिथे रस्ता संपतो तिथून पुढे गाडी घालणाऱ्या हौशी लोकांचं टोळकं, आणि माझा नवरा त्यातला सगळ्यात हौशी.

यंदा माळ ओलांडून पलीकडे जायचं ठरलं. तिथे फोनला रेंज नाही आणि मदत यायची तर दिवस मोडणार. म्हणून क्लबाने अट घातली की प्रत्येक गाडीत दोघं, आणि दोघांनीही प्रथमोपचार शिकलेच पाहिजेत. शिकवायला सिस्टर. जन्मभर अपघात विभागात काढलेल्या, आवाज असा की बेशुद्ध माणूसही उठून बसावा. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुमची पिशवी तुमच्यासाठी असते, पण वापरणार दुसरा. तेव्हा ती कुणाच्या हातात देताय, ते नीट बघून द्या."

निघण्याआधी तसं द्यायचंही असतं. सगळ्यांसमोर आपली पिशवी आपल्या जोडीदाराच्या हातात द्यायची, मग त्याने ती देणाऱ्याच्या सीटमागे अडकवायची. बारसं असल्यासारखी टाळ्यांची हौस असते त्या वेळी.

मुलगी लहान; माळावरच्या दिवसांत शेजारच्या काकू तिला सांभाळणार होत्या, पण दर आठवड्याला दोघांनी एकदम घर सोडणं जमणार नव्हतं. मी शनिवारच्या बॅचला, तो रविवारच्या. शनिवारी घरी आले की तो खोदून खोदून विचारायचा, "आज काय शिकवलं? दाखव ना." मी सोफ्यावरच्या उशीला पट्टा बांधून दाखवायची. रविवारी दुपारी तो यायचा आणि तेच सगळं मला रंगवून सांगायचा. शर्टाला ग्रीस लागलेलं असायचं. "गाडीखाली अडकलेला माणूस काढायचा सराव होता," म्हणायचा. मी ते शर्ट भिजत घालायची, घासायची, आणि मनात म्हणायची, बघा, किती मनावर घेतलंय! अशी मी शहाणी.

परीक्षेच्या दिवशी क्लबाच्या वर्कशॉपच्या मागच्या आवारात दोन्ही बॅचची तोबा गर्दी. मुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. आमची पाळी आली. मी जखमी, तो वाचवणारा. सिस्टरनी माझ्या मांडीवर लाल रंग ओतला आणि म्हणाल्या, "धार लागलीय. चला."

त्याने पट्टा जखमेच्या वर बांधला, त्यातली दांडी पिळून आवळला. छान. मी डोळे मिटून पडले होते, ऊर अगदी भरून आला होता. मग पट्टा हळूच सैल झाल्यासारखा वाटला. डोळे उघडले तर हा दांडी उलटी फिरवतोय.

"हे काय करताय?" सिस्टर.

"मधून मधून सैल करायचा ना," तो ऐटीत म्हणाला. "नाहीतर पाय मरतो."

"कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की. पहिल्याच रविवारी."

हे सिस्टरनी कधीच शिकवलं नव्हतं. हे मी शिकवलं होतं. लहानपणी कुठेतरी ऐकलेलं, पहिल्या शनिवारी उशीवर दाखवताना माझ्या पदरचं घातलेलं. पुढच्या शनिवारी सिस्टरनी त्यावरून मला सगळ्यांसमोर झापलं होतं: एकदा आवळला की आवळला, सोडायचा तो डॉक्टरनेच. घरी येऊन मी मूग गिळून बसले. म्हटलं, त्याला रविवारी खुद्द सिस्टरनीच सांगितलं असेल, आपण कशाला आपली फजिती सांगा.

"रविवारी?" सिस्टरनी चष्मा वर केला. "मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय."

त्यांनी रुमाल काढला आणि माझ्या तोंडावर टाकला. पेशंट गेला की त्या असंच करतात. रुमालाखाली मला लोकांचं हसणं ऐकू आलं. त्यातलं एक त्याचं होतं.

आवाराच्या कोपऱ्यात मी त्याला गाठलं. "रविवारी कुठे होतास?"

"अगं, पुढच्या गल्लीतच. विंच बसवत होतो. गाडी चिखलात रुतली तर ओढायला नको का काही?" माझा चेहरा बघून तो जरा नरमला. "चिडू नकोस गं. तू आहेस ना! तू इतकं मस्त शिकलीयेस, मला काय होणार आहे?"

"आणि मला झालं तर?"

तो काही लपवत होता असं नाही. त्याच्या डोक्यात हा प्रश्न कधी आलाच नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मला शेंडी लावली ते एक वेळ मी गिळलं असतं. हे मात्र फार लागलं. मी त्याला मरू द्यायचं नाही म्हणून शनिवार शनिवार गुडघे टेकून शिकले, आणि मी मरू शकते हे याच्या गावीही नव्हतं.

सिस्टरनी सगळ्यांना गोल उभं केलं. "पिशव्या द्या."

त्याने आपली पिशवी काढून माझ्यापुढे धरली. आवाज खाली करून म्हणाला, "आता तमाशा नको. सिस्टरना मी पटवतो. वाटेत शिकव मला."

आमच्या समोर बुलडोझर उभी होती. दगडमातीचा अभ्यास करणारी बाई, पहाडासारखी, म्हणून हे नाव. तिच्या भावाची कंबर धरल्यामुळे तिला जोडीदार नव्हता आणि एकट्याने गाडी न्यायला क्लबात मनाई. सकाळी पट्टा तिने इतका आवळला होता की जखमी बनलेला माणूस खरंच ओरडला.

मी गोल ओलांडून गेले आणि माझी पिशवी तिच्या हातात दिली. काही न विचारता तिने आपली मला दिली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

"अगं, आणि मी?" तो मागून म्हणाला.

"तू घरी. मुलीला सांभाळ," मी म्हटलं. "रविवारी घरी कसं थांबायचं, ते माझ्याकडून शिकून घे."

त्याने आपली पिशवी अजून माझ्याच दिशेने पुढे धरली होती. तिच्या कडेला मी दुहेरी शिलाई घातली होती, घाईत ओढताना फाटू नये म्हणून. माझ्या स्वतःच्या पिशवीला एकेरीच होती.